दोन फुटी भिंतीच्या घरात वायफाय : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

राउटरच्या खोक्यात एक घडीचा कागद येतो. त्यावर घराचं चित्र असतं. घरात चार माणसं, चौघांच्या हातात चार यंत्रं, मधोमध राउटर, आणि त्यातून निघालेल्या गोल गोल लाटा भिंतीबिंती न जुमानता थेट कुंपणापर्यंत गेलेल्या. हे घर कुठलं ते कागदावर छापलेलं नसतं. पण ते परंड्यातलं नाही, तेरमधलं नाही आणि तुळजापुरातलं तर नाहीच नाही. आपल्याकडं घरात चारच माणसं असली तर बाकीची कुठं गेली अशी चौकशी होते, आणि भिंतीतून आरपार सहजासहजी काही जात नाही. म्हणून ही वेगळी मार्गदर्शिका. ती वाचायला संगणकाचं ज्ञान लागत नाही. घराचं लागतं, आणि घरातल्यांचं त्याहून थोडं जास्त.

पायरी पहिली : खोकं उघडू नका, भिंत मोजा

टेप घ्या, दाराच्या चौकटीत उभे राहा आणि भिंतीची जाडी बघा. चार किंवा नऊ इंच निघाली तर विटेची भिंत आहे. पुढच्या पायरीवर जा, तुमचं बरं चाललंय. जुन्या गावठाणात राहत असाल तर टेप दोन फुटांच्या पुढं सरकेल. बाहेरून काळा दगड, आतून काळा दगड, मधे माती आणि गोट्यांचा भर. वर लाकडी तुळया, तुळयांवर किलचन, किलचनावर पांढऱ्या मातीचं माळवद. गळू नये म्हणून मिरगाच्या आधी त्यावर नवी माती पडत गेली आणि आजोबांच्या हयातीत ते चांगलंच जाड झालं. पारा चाळिशीच्या पुढं गेला की हेच घर गार लागतं आणि स्लॅबच्या घरातले पाहुणे दुपारी इथं येऊन झोपतात.

इथं थोडं गंभीर व्हायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात हेच बांधकाम हजारोंच्या जिवावर उठलं. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूर आणि लोहाऱ्याच्या पट्ट्यानं तेच भोगलं. मातीत रचलेला दगड आणि डोक्यावरचं मातीचं ओझं झोपेतल्या माणसांवर एकदम खाली आलं. त्यानंतर दोन्ही जिल्ह्यांतली बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. तेव्हा तुमच्या घराला अजून तीच भिंत असेल आणि ती कुठं पोट काढून उभी असेल, तर गवंड्याला आधी बोलवा, केबलवाल्याला नंतर. हा क्रम गमतीनं सांगितलेला नाही.

आता लहरींकडं. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. एक २.४ गिगाहर्ट्झचा, त्याची लहर साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास लांब, वेग कमी, पण अडथळ्यातून वाट काढायला बरी. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. लहर सहा सेंटिमीटरच्या आसपास, वेग भरपूर, पण दगड दिसला की संपली. अभियंते ही घट डेसिबलमध्ये मोजतात आणि दर तीन डेसिबलला शक्ती निम्मी होते. दगडमातीची भिंत हे निम्म्याचं निम्मं किती वेळा करते ते मोजत बसू नका, स्वयंपाकघरातून कुणीतरी ओरडून सांगेलच. पावसाळ्यात भिंतीला ओल धरली की हिशेब आणखी बिघडतो, कारण पाण्याला या लहरी गिळायला आवडतात. जिल्ह्यात वायफायला सगळ्यात वाईट जागा कोणती, असं कुणी विचारलं तर नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणी महाल सांगावा. चारी बाजूंनी दगड आणि पुढ्यातून कोसळणारी बोरी नदी. तिथं माणसं रेंज जाते म्हणून नाही, पाणी बघायला जातात. ते योग्यच आहे.

पायरी दुसरी : जागा ठरवा, म्हणजे भांडून घ्या

केंद्र सरकारनं २००५ च्या जानेवारीत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याच्या कचाट्यातून मोकळा केला. त्यामुळं घरात राउटर लावायला दिल्लीचा परवाना लागत नाही. फक्त घरातल्यांचा लागतो.

नियम सोपा आहे. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर आणि मोकळ्यावर हवा. अँटेना उभा ठेवला की लहरी आडव्या पसरतात, म्हणजे त्याच मजल्यावर. माडीवर नेट हवं असेल तर दोनपैकी एक अँटेना आडवा करा. एवढं शास्त्र. आता उमेदवार.

ढाळज किंवा ओसरी. हा आबांचा उमेदवार. त्यांचं म्हणणं, केबलचं पोरगं चपलांसकट माजघरात कशाला येतंय, बाहेरच्या बाहेर काम होऊ द्या. ओसरीवर ठेवलेल्या राउटरचं नेट रस्त्यावर उत्तम येतं. पारावरची पोरं आबांना लवून नमस्कार करू लागली तर त्याचं कारण संस्कार नाही, एवढं लक्षात ठेवा.

देवळी. आजीची पसंती, आणि वरवर बघता ही जागा राउटरसाठीच कोरली असं वाटतं. मापात बसतो, वर वायर लोंबत नाही, शिवाय त्याचे हिरवे दिवे लुकलुकतात म्हणून आजीला तो देवघराच्या शेजारी शोभतो. "त्येला दिवा हाय की, राहू दे तिथंच." पण देवळीला मागं, वर, खाली आणि दोन्ही अंगांना दगड असतो. तिथला राउटर समोरच्या भिंतीला भरघोस नेट देतो, बाकी कुणाला नाही.

ज्वारीच्या कोठीवर. उंच आहे, मधे आहे, कुणाचा हात लागत नाही. पण कोठी पत्र्याची. पत्र्यावरून लहर उसळते आणि भलतीकडं जाते. लोखंडी कपाटाच्या माथ्यावर आणि टीव्हीच्या पाठीमागंही हीच रड.

पाण्याच्या टिपाडांजवळ. इथं धाराशिवकरांनी विशेष लक्ष द्यावं. आपल्याकडं नळ रोज येत नाही. उजनीचं पाणी शहरात आलं तरी घरातली टिपाडं, बॅरल आणि हौद कुणी विकून टाकलेले नाहीत, आणि टाकूही नयेत. पण भरलेलं टिपाड ही २.४ गिगाहर्ट्झच्या वाटेतली फार भक्कम आडकाठी आहे. राउटर आणि खोली यांच्या मधे ओळीनं तीन टिपाडं असली, तर पाणी आलं त्या दिवशी नेट मंद आणि टिपाडं रिकामी झाली की नेट जोरात, असा अनुभव येईल. कंपनीला फोन करून हे सांगू नका. त्यांच्या अर्जात असा रकाना नाही.

उरलं माजघर. मधल्या खांबावर, छातीच्या वर, मोकळ्यावर. जागा योग्य. हरकत येईल ती काकूंची, कारण तिथं आधीच कॅलेंडर, घड्याळ आणि थोरल्या चुलत्यांचा हार घातलेला फोटो आहे. कॅलेंडर हलवा. फोटोला हात लावू नका. नंतर काकू त्यावर क्रोशाचा रुमाल टाकतील. कापडानं लहरी अडत नाहीत, पण राउटर तापतो. त्याच्या अंगाला भोकं ठेवली आहेत ती हवेसाठी. हे काकूंना सांगायला घरातला सर्वांत लाडका पुतण्या निवडावा.

पायरी तिसरी : वायर आत घ्या

आता घरोघरी येते ती तांब्याची तार नाही, काच आहे. आतला प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम नऊ मायक्रॉन, केसापेक्षा कितीतरी बारीक. ती ओढून खिळ्याला गुंडाळली, दाराच्या बिजागरीतून काढली किंवा तिच्यावर कपडे वाळत घातले, तर तुटायच्या आधीच वाकलेल्या जागी प्रकाश बाहेर गळतो. वळण मोठं आणि गोल ठेवा. भिंतीला भोक पाडायचं तर दोन फुटी भिंतीला बाजारात मिळणारा साधा ड्रिल पुरत नाही. खिडकीची चौकट वापरा.

खांबापासून दारापर्यंतची वायर तुमच्या ताब्यात नाही, पण शत्रू ओळखून ठेवा. पहिला शत्रू ऊस. कारखान्यांची धुराडी पेटली की ढोकी, कळंब, वाशीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या लागतात. त्यांवरचा माल ट्रॉलीवाल्याच्या हिशेबानं भरलेला असतो, वायरवाल्याच्या हिशेबानं नाही. गल्लीतून एक ट्रॉली गेली की अर्ध्या वाडीचं नेट तिच्यासोबत काट्यावर जातं. दुसरा शत्रू जेसीबी. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग होतोय, रस्ते रुंद होताहेत, पाइपलाइनी पडताहेत. सगळं आपल्याच भल्याचं आहे आणि सगळं खणूनच होतं. येडशी-रामलिंगच्या अंगाला राहत असाल तर माकडंही धरा.

पायरी चौथी : प्लग लावा

लावला.

दिवे लागले नसतील तर लाइट नाही. याला घाबरू नका. राउटर खातो फार थोडं. बहुतेक घरगुती राउटर बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. त्यासाठी पुस्तकाएवढा छोटा बॅटरी-डबा मिळतो, तो लावला की लाइट गेल्यावरही वायफाय तासनतास चालतं. पुढं नेट येईल की नाही ते मात्र वायरच्या दुसऱ्या टोकावर अवलंबून. शुद्ध फायबरच्या जाळ्यात खांबावरच्या फाट्याला वीज लागत नाही, प्रकाश आपोआप वाटला जातो. पण अनेक गावांत वाटेत कुणाच्या तरी माडीवर केबलवाल्याचा एक विजेवरचा डबा बसवलेला असतो. तो कुणाच्या घरात आहे, याची माहिती काढून ठेवा. त्यांच्या घरची लाइट गेली की तुमचं नेट गेलं. त्यांच्याशी संबंध चांगले ठेवा. संक्रांतीला तीळगूळ चुकवू नका.

पायरी पाचवी : राउटरच्या घरी जा

मोबाइल राउटरला जोडा, ब्राउझर उघडा आणि १९२.१६८.१.१ हा पत्ता टाका. आकडे इंग्रजीत टाका, इथं मासिकाच्या सोयीसाठी मराठीत छापले आहेत. काही राउटरांचा पत्ता १९२.१६८.०.१ असतो, खालच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं.

नवशिक्याला इथं शंका येते. शेजारच्यांचा राउटरही हाच पत्ता सांगतो, मग मी त्यांच्या घरात तर नाही ना शिरलो? नाही. १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते जगभर घरगुती वापरासाठी राखून ठेवले आहेत, ते घराबाहेर चालत नाहीत. बाहेरच्या जगाला तुमचं सगळं घर एकाच पत्त्यानं दिसतं, आणि कोणतं उत्तर कुणाच्या मोबाइलचं ते राउटर आत आल्यावर वाटतो. म्हणजे धाकट्यानं काही उद्योग केले तर बाहेर नाव घराचं जातं. एकत्र कुटुंबाला हे नवं नाही.

आता आत शिरायला पासवर्ड. चिठ्ठीवरचा चालला नाही तर तुमच्या केबलच्या पोरानं बदललेला आहे, आणि गल्लीतल्या सगळ्या घरांना एकच ठेवला आहे. त्याच्याकडून तो घ्या आणि तो निघून गेल्यावर बदला. तो समोर असताना बदलू नका, वाईट दिसतं.

पायरी सहावी : नाव ठेवा

नाव ठेवण्यात आपण कमी नाही, पण इथं मर्यादा आहे. वायफायच्या नावाला ३२ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं. देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन लागतात, आणि काना, वेलांटी, उकार, अनुस्वार यांचे तीन-तीन वेगळे. म्हणजे दहा चिन्हांत नाव बसवायचं. राउटरनं देवनागरी स्वीकारली (सगळे स्वीकारत नाहीत), तर खालचा हिशेब उपयोगी पडेल.

"तुळजाभवानी" नेमकी दहा चिन्हं, तीस बाइट. बसते. पुढं "आई" जोडलं की सदतीस, नाही बसत. "येडेश्वरी" सत्तावीस, बसते. "संत गोरा कुंभार" एक्केचाळीस होतात. पण तेरची माणसं त्यांना गोरोबाकाका म्हणतात आणि "गोरोबाकाका" बरोबर तीस. आपल्या माणसांनी शतकानुशतकं मायेनं जे लहान केलं ते इथं कामी येतं. "धाराशिव" एकवीस, "उस्मानाबाद" तीस; दोन्ही बसतात.

एकदा ठेवलेलं नाव उगीच बदलू नका. नाव बदललं की घरातला प्रत्येक मोबाइल, टीव्ही आणि दारावरचा कॅमेरा राउटरला ओळखेनासा होतो आणि एकेकाला बसून नव्यानं सांगावं लागतं. २०२३ साली जिल्ह्याचं नाव बदललं त्यानंतर ज्यांनी शिक्के, पाट्या आणि अर्ज हाताळले, त्यांना हे वेगळं समजावण्याची गरज नाही.

पायरी सातवी : पासवर्ड, आणि शेजारी

पासवर्ड किमान आठ आणि जास्तीत जास्त त्रेसष्ट अक्षरांचा. सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए-३ दिसलं तर ते निवडा, नाहीतर डब्ल्यूपीए-२. मोबाइल नंबर ठेवू नका, तो गावाला पाठ आहे. पोराचं नाव ठेवू नका, त्याचं बारसं जेवलेली माणसं जिवंत आहेत. यापलीकडं तंत्र नाही, कारण पासवर्ड फुटतो तो हॅकरमुळं नाही. शेजारच्या आक्का भिंतीवरून विचारतात, "पोराचा फॉर्म भरायचाय गं, तुमचं नेट येऊलालंय का?" आणि वहिनी सांगून टाकतात. वहिनींचं बरोबर आहे. पोराचा फॉर्म भरला पाहिजे.

म्हणून राउटरमध्ये पाहुण्यांचं जाळं नावाची सोय असते, ती चालू करा. त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. त्यावरून नेट मिळतं, पण तुमच्या घरातल्या यंत्रांपर्यंत पोचता येत नाही. तुळजापुरात ज्यांच्या घरी नवरात्रात आणि अश्विनी पौर्णिमेला यात्रेकरू उतरतात, त्यांनी तर हे आधी करावं. राउटरच्या वहीत हिशेबानं २५३ यंत्रांना पत्ते देता येतात. प्रत्यक्षात घरगुती राउटर त्याच्या फार आधी हात टेकतो, आणि एकदा दिलेला पत्ता पाहुणा निघून गेला तरी बऱ्याचदा दिवसभर त्याच्याच नावावर अडकून राहतो. सेटिंगमध्ये ही मुदत तासा-दोन तासांवर आणा. देवीची मंचकी निद्रा चालू असते त्या दिवसांत ही सगळी कामं उरकून घ्या. घटस्थापनेनंतर तुम्हाला कुणी त्या बटणाला हात लावू देणार नाही.

मंदिराजवळच्या गल्ल्यांत आणखी एक अडचण आहे. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच धरायची : १, ६ आणि ११. एका बोळात लॉज, प्रसादाची दुकानं आणि घरं मिळून पंधरा राउटर असले की एकाच बोळात तीन मांडव घालून पंधरा भोंगे लावल्यासारखं होतं. आवाज सगळ्यांचा, ऐकू कुणाचंच येत नाही. अशा वेळी लोक शक्ती वाढवायला बघतात, म्हणजे आणखी मोठा भोंगा. तसं न करता मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या ॲपनं कोणतं चॅनेल रिकामं आहे ते बघा आणि तिथं जा. माणसं जवळ बसणार असतील तर सरळ ५ गिगाहर्ट्झवर जा. तिथं जागा भरपूर आहे. आणि इथं पहिल्यांदाच जाड भिंत उपयोगी पडते : शेजाऱ्याचा ५ गिगाहर्ट्झ तुमच्या घरात शिरतच नाही.

पायरी आठवी : साण्यातून

इतकं करून मागच्या खोलीत नेट नसेलच. दुकानदार तुम्हाला लहरी "वाढवणारा" डबा विकेल, भिंतीच्या अलीकडं लावायचा. त्याला जेवढं ऐकू येतं तेवढंच तो पुढं सांगतो, आणि तेच तोंड ऐकायला व बोलायला वापरत असल्यामुळं वेग अर्ध्यावर येतो. दोन फुटी दगडापुढं मी तरी त्यावर पैसे घालणार नाही.

खरा उपाय जुना आहे. भिंतीतून लहर जात नसेल तर तार न्या. माजघराच्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल टाका (शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते) आणि तिकडच्या टोकाला दुसरा राउटर लावा. कपाटात पडलेला जुना चालतो. फक्त त्याला ॲक्सेस पॉइंट करा, म्हणजे पत्ते वाटायचा अधिकार काढून घ्या. सेटिंगमध्ये त्याला डीएचसीपी बंद करणं म्हणतात. हे विसरलात तर घरात पत्ते वाटणारे दोन कर्ते होतात, आणि दोन कर्त्यांच्या घरात काय होतं ते विचारू नका. दोघांना वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच द्या. मोबाइल चालता चालता इकडचा तिकडं जातो.

केबल न्यायची कुठून? भिंत फोडायची गरज नाही. माळवदाला उजेडासाठी आणि धुरासाठी जे साणं ठेवलेलं असतं त्यातून वर काढा, माळवदावरून प्लास्टिकच्या पाइपात घालून न्या आणि मागच्या साण्यातून खाली सोडा. केबल बाहेर वापरायची, उन्हाला टिकणारी घ्या. पाइपाचं तोंड खाली वळवा, नाहीतर पहिल्या पावसाचं पाणी थेट राउटरवर येतं. पन्हाळीच्या वाटेत पाइप आडवा टाकू नका. माळवद गळायला लागलं तर दोष कुणाचा यावर चर्चा होणार नाही, तुमचाच ठरलेला असेल.

तरीही चालत नसेल तर

राउटर बंद करून चालू करा. यातून बहुतेक आजार बरे होतात. मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून धरायची वेळ आली तर आधी विचार करा : त्यानं सगळं पुसलं जातं आणि पायरी पाचवीपासून पुन्हा सुरुवात.

फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागला असेल तर राउटरचा काही दोष नाही. प्रकाशच येत नाही. त्याला हलवू नका, फुंकर मारू नका, आजीला बोलावू नका. दाराबाहेर जा आणि खांबाकडं वर बघा. वायर लोंबताना दिसली आणि महिना डिसेंबर-जानेवारीचा असला, तर केबलवाल्याला जोडून घ्यायला सांगा, आणि या वेळी दोन हात उंच बांध म्हणावं. कारखान्याचा पट्टा पडायला अजून अवकाश आहे.